आई रडतेय आणि पोरगं हसतंय... ते निर्दयी नाही, त्याची नजर वेगळी आहे! स्वमग्न मुलं चेहरा कसा बघतात, समजून घ्या

ग्रामीण वार्ताहर

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या थोरल्या चुलत भावाचे सासरे वारले. निरोप आला तेव्हा घरात सगळे होते. वहिनींनी टाहो फोडला. शेजारच्या बाया जमल्या. वहिनींचा सात वर्षांचा मुलगा तिथंच उभा होता. त्याचं नाव इथं सांगत नाही, आपण त्याला बाळू म्हणू. बाळू वर पंख्याकडं बघत होता. मधेच तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आई, पंख्याला तीनच पाती का?"

सगळ्या घरात शांतता. एक म्हातारी बोलून गेली, "काय निर्दयी पोर आहे. आजा गेला आणि हे दात काढतंय."

मला पण राग आला. खोटं कशाला सांगू? मी त्याला दंडाला धरून ओट्यावर आणलं, गदागदा हलवलं आणि म्हणालो, "आई रडतेय, दिसत नाही का तुला? बघ माझ्याकडं!" त्यानं बघितलं नाही. तो माझ्या खिशातल्या पेनाकडं बघत राहिला. मी अजून ओरडलो, तसे त्यानं कान झाकून घेतले.

पुढं दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की मुलाला स्वमग्नता आहे. इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. तेव्हा मला त्या ओट्यावरच्या प्रसंगाची लाज वाटली. मग मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते आपल्या तालुक्यातल्या लोकांसाठी सोप्या भाषेत मांडतोय. कारण असा बाळू तुमच्या गावात, तुमच्या वाडीवर, कदाचित तुमच्या घरात पण असू शकतो.

आधी आपण चेहरा कसा वाचतो ते बघा

जन्मलेलं बाळ काही दिवसांतच माणसाच्या चेहऱ्याकडं ओढलं जातं. पाळण्यावर खुळखुळा असला तरी आई वाकून बघायला लागली की बाळाची नजर तिच्याकडं वळते. पुढं महिन्यागणिक ते शिकत जातं. आई हसली म्हणजे काय, भुवया चढल्या म्हणजे काय, बाबा दाराकडं बघताहेत म्हणजे कुणीतरी आलंय. हे कुणी शिकवत नाही. शाळा नाही, पाटी नाही, पण पाच वर्षांचं पोर घरात पाऊल टाकताच ओळखतं की आज आईचा पारा चढलाय.

आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की यात काही शिकण्यासारखं असतं हेच आपण विसरलोय. जनावराचं उदाहरण घ्या. सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड बघायला गेलो तर मुरलेला माणूस लांबूनच सांगतो, हे मारकं आहे, जवळ जाऊ नको. तो डोळा बघतो, कान बघतो, शेपूट बघतो. शहरातून आलेल्या पाहुण्याला पण तोच डोळा, तेच कान दिसतात. त्याची नजर अधू नसते. पण काय बघायचं आणि त्याचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक नसतं.

स्वमग्न मुलाचं माणसांच्या चेहऱ्यांच्या बाबतीत काहीसं असंच होतं. डोळे चांगले असतात. नजर मात्र दुसरीकडं जाते, आणि चेहऱ्यावरचा अर्थ आपोआप उलगडत नाही.

स्वमग्नता म्हणजे नेमकं काय?

हा आजार नाही, ताप किंवा कावीळ असते तसा तो येत-जात नाही. मेंदूची वाढच थोड्या वेगळ्या पद्धतीने होते. म्हणून याला विकासात्मक अवस्था म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतल्या लिओ कॅनर नावाच्या बालमानसोपचार तज्ज्ञाने ११ मुलांची निरीक्षणं छापली, तिथून ही अवस्था डॉक्टरी जगात ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास, १९४४ साली, व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी पण अशाच मुलांबद्दल लिहिलं.

मराठीतला 'स्वमग्न' हा शब्द रूढ झालाय म्हणून मी पण तोच वापरतोय. पण त्याने एक गैरसमज होतो. वाटतं की ही मुलं स्वतःतच दंग, बाकीच्यांशी देणंघेणं नाही. तसं नसतं.

सगळी स्वमग्न मुलं एकसारखी पण नसतात. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी घडाघडा बोलतं पण एकाच विषयावर. कुणाला कुकरची शिट्टी सहन होत नाही, कुणाला कपड्याचं लेबल टोचतं. पण लोकांशी देवाणघेवाण वेगळी असणं, आणि तेच तेच करण्याची किंवा ठरल्याप्रमाणंच सगळं व्हावं याची ओढ असणं, या दोन गोष्टी बहुतेकांत दिसतात.

नजर कुठं जाते हे कळलं कसं?

यासाठी नजर टिपणारं यंत्र असतं. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बुबुळावर सोडतात आणि त्याची चमक कॅमेरा टिपतो. माणूस पडद्यावर नेमकं कुठं बघतोय, किती वेळ बघतोय, याचा नकाशाच तयार होतो. त्रास काही नाही, सुई नाही.

२००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अमी क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. १५ स्वमग्न तरुण आणि १५ बाकीचे तरुण घेतले. स्वमग्न तरुण बुद्धीने चांगले होते, बोलणारे होते. सगळ्यांना एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांच्या १९६६ सालच्या एका जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातले प्रसंग दाखवले. नवरा-बायकोची भांडणं, टोमणे, रुसवे, म्हणजे चेहऱ्यांचाच सगळा खेळ.

निकाल असा आला. बाकीच्या तरुणांनी सुमारे ६५ टक्के वेळ पात्रांच्या डोळ्यांकडं बघितलं. स्वमग्न तरुणांनी सुमारे २५ टक्केच. त्यांची नजर तोंडाकडं, अंगाकडं, खोलीतल्या वस्तूंकडं जास्त होती.

त्यातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एक पात्र भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवून विचारतं, हे चित्र कुणी काढलं? भिंतीवर चित्रं एकापेक्षा जास्त आहेत. सर्वसाधारण माणसाची नजर बोटाच्या दिशेने सरळ त्या चित्रावर गेली. स्वमग्न माणसाने 'चित्र' हा शब्द ऐकला आणि मग तो एकेक चित्र बघत सुटला. त्याने शब्द पकडला, बोट पकडलं नाही.

हे वाचलं आणि मला बाळू आठवला. आपण त्याला लांबून बोट करून म्हणतो, "ती पिशवी आण." तो गोंधळतो आणि आपण म्हणतो, ऐकत नाही, हट्टी आहे. तेच "खुंटीवरची निळी पिशवी आण" म्हटलं की लगेच आणतो.

याच प्रयोगात अजून एक गोष्ट दिसली. जे स्वमग्न तरुण वस्तूंऐवजी तोंडाकडं जास्त बघत होते, त्यांचं रोजच्या व्यवहारात लोकांशी जास्त जमत होतं. कारण तोंडातून शब्द येतात. डोळ्यांतलं समजत नसेल तर माणूस शब्दांचा आधार घेतो.

नंतर जगभर असे बरेच प्रयोग झाले. सगळ्यांचा निकाल इतका ठळक आला नाही. नुसता फोटो दाखवला तर फरक कमी पडतो. खरी माणसं, हलतं-बोलतं दृश्य, दोन-तीन जण एकदम बोलताहेत, अशा ठिकाणी फरक जास्त दिसतो. म्हणजे घरात एकट्याशी बोलताना बरं वागणारं मूल लग्नाच्या मांडवात किंवा जत्रेत एकदम गडबडतं, त्याचं कारण इथं आहे.

हे कधीपासून सुरू होतं?

२०१३ साली वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी 'नेचर' या विज्ञान मासिकात अजून एक अभ्यास छापला. त्यांनी ११० बाळं जन्मल्यापासून पाहिली. २ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा बाळांना आईसारख्या बोलणाऱ्या बाईचे व्हिडिओ दाखवले आणि नजर टिपली. नंतर ३ वर्षांचं झाल्यावर कोणत्या मुलांत स्वमग्नता निघाली ते तपासलं.

गंमत अशी की पुढं स्वमग्न निघालेली बाळं २ महिन्यांची असताना डोळ्यांकडं बाकीच्यांइतकंच बघत होती. २ ते ६ महिन्यांच्या दरम्यान त्यांचं डोळ्यांकडं बघणं हळूहळू कमी होत गेलं.

यातून आयांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तुम्ही माया कमी केली म्हणून असं झालं नाही. पूर्वी परदेशात काही मोठ्या डॉक्टरांनी आईच्या थंड वागण्यावर खापर फोडलं होतं. तो समज खोटा ठरून कित्येक वर्षं झाली. तसंच १९९८ साली एका इंग्लंडच्या डॉक्टरने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीशी संबंध जोडला होता. तो लेख त्या मासिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा परवाना पण गेला. त्यामुळं लस चुकवू नका.

डोळ्यात का बघत नाहीत? दोन कारणं

पहिलं कारण, काहींना चेहऱ्यात तेवढी ओढ वाटत नाही. आपल्याला समोरच्याचं हसू बघून आतून बरं वाटतं. त्यांना फिरणारं चाक, पंखा, ट्रॅक्टरचा पाटा जास्त खेचून घेतो.

दुसरं कारण याच्या उलट आहे. काहींना डोळ्यात बघणं सहनच होत नाही. मोठी झालेली, बोलू शकणारी अनेक स्वमग्न माणसं सांगतात की समोरच्याच्या डोळ्यात बघितलं की चटका बसल्यासारखं होतं, मग बोलणं डोक्यात शिरत नाही. २०१७ साली नूशीन हादजिखानी आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅन करून बघितलं. चेहऱ्याचे फक्त डोळेच बघायला लावले, तेव्हा स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतला भावना आणि धोका ओळखणारा आतला भाग प्रमाणाबाहेर पेटला.

रात्री गाडीवर येताना समोरून कुणी डिपर न देता फुल लाईट मारली तर आपण काय करतो? मान वळवतो. समोरच्याचा अपमान करायचा म्हणून नाही, स्वतःला सावरायला. आता त्या माणसाने उतरून आपल्यालाच कानाखाली मारली आणि म्हणाला, "बघ लाईटकडं," तर? मी ओट्यावर बाळूला हेच केलं होतं.

भावना कळत नाहीत, की भावनाच नाहीत?

इथं सगळ्यात मोठी गफलत होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक असतं ओळखणं. समोरचा रडतोय, चिडलाय, घाबरलाय, की चेष्टा करतोय, हे चेहऱ्यावरून काढणं. मोठं हसू, मोठं रडू बऱ्याच स्वमग्न मुलांना कळतं. अवघड जातात त्या बारीक आणि मिसळलेल्या भावना. वरून हसणारी पण आतून नाराज पाहुणी. "वा, फार लवकर आलास!" असा टोमणा. माणसाचा चेहरा क्षणात बदलतो, आणि ही मुलं ते जुळवेपर्यंत प्रसंग पुढं गेलेला असतो.

दुसरं असतं वाटणं, म्हणजे समोरच्याचं दुःख कळल्यावर आपल्याला काही वाटणं. हे स्वमग्न मुलांत नसतं असं समजणं साफ चूक आहे.

शास्त्रज्ञांनी यात अजून एक पदर दाखवला आहे. काही माणसांना स्वतःच्याच भावनेला नाव देता येत नाही. छातीत धडधडतंय, पोटात गोळा आलाय, पण ही भीती आहे की राग हे सांगता येत नाही. असं सर्वसाधारण लोकांत पण असतं, स्वमग्न लोकांत त्याचं प्रमाण जास्त आहे. लंडनमधल्या जेफ बर्ड आणि रिचर्ड कुक यांनी २०१३ साली मांडलं की चेहऱ्यावरच्या भावना ओळखण्यातली बरीच अडचण या गोष्टीमुळं येते, स्वमग्नतेमुळं नव्हे. ज्याला आपल्याच पोटातलं उमगत नाही, त्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं कसं उमगणार?

आणि गोंधळ वाढला की काही मुलं हसतात. ते हसू आनंदाचं नसतं. आपण पण कधीकधी घाबरून हसतोच की. त्या दिवशी घरात आरडाओरडा, रडारड, अनोळखी बाया. पंखा तेवढा रोजच्यासारखा फिरत होता. बाळूने पंखा धरून ठेवला.

एक गोष्ट वहिनींनी मला नंतर सांगितली. त्या रात्री सगळे गेल्यावर बाळू उठला, आपला लाल प्लास्टिकचा ट्रॅक्टर आणला, वहिनींच्या उशाशी ठेवला आणि काही न बोलता झोपला. तो ट्रॅक्टर तो कुणाला हात लावू देत नाही. "भावजी, त्याला कळलं होतं हो," वहिनी म्हणाल्या. "आपल्याला त्याचं कळलं नाही."

याच्या उलट मुलं पण असतात

चेहऱ्याकडं बघितलं म्हणजे सगळं समजलं, असं पण नाही. विल्यम्स सिंड्रोम नावाची एक जन्मजात अवस्था आहे. न्यूझीलंडमधल्या डॉ. विल्यम्स यांनी १९६१ साली तिची नोंद केली. सातव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा नसल्याने ती होते. ही मुलं फार लाघवी असतात. अनोळखी माणसाला पण जाऊन बिलगतात, टक लावून तोंडाकडं बघतात.

स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या डेबोरा रिबी आणि पीटर हँकॉक यांनी २००८ साली दोन्ही प्रकारच्या व्यक्तींची नजर टिपली. माणसांच्या प्रसंगांची चित्रं दाखवली, तर स्वमग्न व्यक्ती चेहऱ्यावर कमी वेळ थांबल्या आणि विल्यम्स असलेल्या व्यक्ती चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांवर, जरुरीपेक्षा जास्त वेळ खिळून राहिल्या. तरी पण राग किंवा धोका ओळखण्यात त्यांना अडचण येतेच. म्हणून असं मूल कुणाच्याही मागे जाऊ शकतं. बाजारात, जत्रेत अशा मुलाचा हात सोडू नका. "किती गोड पोर आहे, सगळ्यांकडं जातं" असं म्हणून विसरू नका. अशा मुलांना हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीचा त्रास पण असू शकतो, म्हणून तपासणी गरजेची.

फ्रॅजाइल एक्स नावाची अजून एक अवस्था आहे. त्यातली मुलं हात पुढं करतात, भेटायची इच्छा असते, पण मान मात्र वळवून घेतात. तिथं कारण बऱ्याचदा आतली घालमेल असतं.

म्हणजे नजर चुकवणारी मुलं वेगवेगळ्या कारणांनी चुकवतात, आणि टक लावणारी मुलं समजूनच बघतात असं नाही. नजरेवरून मनाचा हिशेब लावू नये.

चूक एकट्या मुलाचीच का?

२०१२ साली डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने एक सरळ प्रश्न विचारला. ते स्वतः स्वमग्न आहेत. प्रश्न असा की स्वमग्न माणसाला आमचं कळत नाही म्हणता, पण तुम्हाला तरी त्यांचं कुठं कळतं? न समजणं दोन्ही बाजूंनी आहे.

२०२० साली एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला चक्क आपल्या कानगोष्टींसारखा खेळ घेतला. ८-८ जणांच्या रांगा केल्या. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. काही रांगा फक्त स्वमग्न माणसांच्या, काही फक्त बाकीच्यांच्या, काही मिसळलेल्या. फक्त स्वमग्नांच्या रांगेत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी बाकीच्यांच्या रांगेत. मिसळलेल्या रांगेत मात्र गोष्टीची जास्त गळती झाली.

म्हणजे स्वमग्न माणसाला बोलता-समजता येत नाही असं नाही. दोन वेगळ्या धाटणीची माणसं समोरासमोर आली की गळती होते. विदर्भातला माणूस आणि कोकणातला माणूस पहिल्यांदा बोलताना होते, तशीच म्हणा.

आपल्या शेतकऱ्यांना पटेल असं एक नाव सांगतो. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन. जन्म १९४७ चा. लहानपणी बोलायला बराच उशीर झाला. आज त्या कोलोरॅडो राज्यातल्या विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक म्हणून जगभर ओळखल्या जातात. माणसांच्या चेहऱ्यावरचं त्यांना सहज कळत नाही असं त्या स्वतः सांगतात. पण गुरं वाटेत का बिचकतात हे त्यांनी गुरांच्या उंचीवर वाकून शोधलं. लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवरची सावली. बाकीच्यांना हे दिसतच नव्हतं. त्यांनी आखलेल्या जनावरांच्या वाटा आणि कोंडवाडे अमेरिकेत ठिकठिकाणी वापरात आहेत. जी नजर चेहऱ्यावर थांबत नाही, ती दुसरीकडं काहीतरी बघत असते.

आपल्या गावात ओळखायचं कसं?

आपल्याकडं एक अडचण आहे. आपण पोरांना, त्यातून मुलींना, शिकवतोच की मोठ्यांच्या डोळ्यात डोळे घालून बोलू नये. सुनेने सासऱ्यांसमोर नजर खाली ठेवायची. त्यामुळं स्वमग्न मुलगी असली तर "लाजाळू आहे, गुणाची आहे" म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका. या गोष्टी बघा:

- वर्ष उलटलं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. (आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर पण असंच होतं.)
- दीड वर्षाचं झालं तरी बोट करून "ते बघ" असं दाखवत नाही.
- सापडलेली वस्तू आणून आईला दाखवत नाही.
- आपण बोट केलेल्या दिशेला बघत नाही.
- येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं.
- तेच तेच हातवारे, वस्तू एका रांगेत लावणं, थोडा बदल झाला तरी आकांत.

यातलं एखादं लक्षण म्हणजे स्वमग्नता, असं नव्हे. दोन-चार दिसली तर मात्र "मोठा झाला की बोलेल" म्हणून थांबू नका. देवऋषी, गंडेदोरे यात वर्षं घालवू नका. बाळूची तीन वर्षं आमच्या घराने अशीच घालवली.

जायचं कुठं?

अंगणवाडी ताईंना किंवा आशा ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन तपासणी करतं. शंका आली तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथली तपासणी मोफत असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. सरकारी दवाखान्यातून दाखला आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ती गावची शाळा असो की विशेष शाळा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्च पण येतो. शाळेत मुलाला मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, हे पण गुरुजींनी आणि पालकांनी दोघांनी लक्षात ठेवावं.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

- "माझ्याकडं बघ" म्हणून हनुवटी धरून तोंड वळवू नका. ऐकतोय का ते बघा, बघतोय का ते नको.
- समोर उभं राहून बोलण्यापेक्षा शेजारी बसून बोला. ज्याकडं तो बघतोय त्याच गोष्टीवरून सुरुवात करा.
- नुसता चेहरा करू नका, शब्दांत सांगा. "मी आता चिडलोय, कारण पाणी सांडलं." "आई रडतेय, कारण तिला आजोबांची आठवण येतेय. तिच्याजवळ बसूया."
- टोमणा, उपहास टाळा. जे सांगायचं ते सरळ, थोड्या शब्दांत.
- बोट दाखवता तेव्हा वस्तूचं नाव पण घ्या.
- लग्न, जत्रा, मयत अशा ठिकाणी नेण्याआधी काय होणार ते सांगून ठेवा. एक शांत कोपरा बघून ठेवा.
- त्याला स्वतःला काय होतंय त्याला नाव द्या. "तुझे हात थरथरताहेत, तुला भीती वाटतेय का?"

हे सगळं करून बाळू बदलला का? थोडा. आम्ही जास्त बदललो. परवा मी त्याच ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो. दोघं समोरच्या फवारणीच्या पंपाकडं बघत होतो. मी म्हणालो, "बाळू, त्या दिवशी काका ओरडला. काकाची चूक झाली." त्याने मान वर केली नाही. नोझल फिरवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, आवाज मोठा होता."

तो ऐकत होता. सगळं ऐकत होता.

(माहिती उपयोगी वाटली तर गावच्या, शाळेच्या, अंगणवाडीच्या ग्रुपवर जरूर पाठवा. एखाद्या पोराचा मार तरी वाचेल.)